भाक्राचे बुडीत खाते

नैनादेवीच्या डोंगरधारेला भेदून सतलज नदी जेथे मैदानाकडे वळते, त्या अरुंद घळीत गेली साठ वर्षे उभ्या असलेल्या भाक्रा धरणाविषयी आपल्या वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुधा उन्हाळ्यात येते आणि बहुधा भांडणाचेच असते. २०२५ च्या मे महिन्यात तर हे भांडण इतके विकोपाला गेले की, हरियाणाला जादा पाणी सोडण्याचा व्यवस्थापन मंडळाचा निर्णय अंमलात येऊ नये म्हणून पंजाब सरकारने खालच्या नंगल धरणावर पोलिसांचा पहारा बसविला, आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन पोहोचले. ह्या वादात पंजाबचा हक्क, हरियाणाची निकड, राजस्थानचा वाटा आणि केंद्राचा अधिकार यांची सांगोपांग चर्चा झाली. परंतु ज्यांच्या शेतांवर, घरांवर आणि स्मशानांवर हे पाणी साठून राहिले आहे त्या बिलासपूरच्या माणसांचे ह्या पाण्याला किंवा त्यातून निघणाऱ्या विजेला काही देणे लागते काय, असा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. हिमालयातील नद्यांवर भाक्राहूनही प्रचंड भिंती उभारण्याच्या तजविजी सरकारदरबारी मंजूर होत असताना हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे, असे मला वाटते.

भाक्राचे धरण ज्या जातीचे आहे तिला गुरुत्व-धरण म्हणतात. कमानीचे धरण पाण्याचा रेटा दोन्ही तीरांवरील खडकांवर टाकते. गुरुत्व-धरण मात्र केवळ स्वतःच्या वजनाच्या बळावर जागच्या जागी राहते. मागे सरोवर दोन कोस पसरलेले असो की वीस, भिंतीला त्याच्याशी कर्तव्य नसते. पाण्याचा दाब वाढतो तो खोलीबरोबर, आणि म्हणून अशा भिंतीचा छेद माथ्याशी अरुंद व तळाशी विलक्षण रुंद, असा जवळजवळ त्रिकोणी ठेवावा लागतो. भाक्राची भिंत सुमारे २२६ मीटर उंच आणि माथ्याशी ५१८ मीटर लांब आहे. माथ्यावरची तिची रुंदी नऊ मीटरांच्या आसपास, तर पायाशी ती १९० मीटर भरते. एवढ्या राशीचे काँक्रीट घट्ट होताना जी उष्णता सोडते ती बाहेर काढली नाही तर भिंतीला आतून तडे जातात, म्हणून ते वेगवेगळ्या ठोकळ्यांत, थरावर थर देऊन ओतावे लागते आणि थंड करावे लागते. पायाचा प्रश्न त्याहून बिकट होता. तेथील खडक शिवालिकांचा, म्हणजे वालुकाश्माचा, आणि त्यात चिकणमातीच्या खडकाचे कच्चे पट्टे. ते खोलवर खणून काढून त्या जागी काँक्रीट भरल्यावाचून वर भिंत चढविणे शक्य नव्हते. शिवाय मागे तुंबलेले पाणी पायाखालच्या फटींतून शिरून भिंतीला खालून वर उचलू पाहते, आणि जिचा सारा भरवसा वजनावर आहे तिचे वजनच जणू हिरावून घेते. ह्या कोणालाही न दिसणाऱ्या पाण्यासाठी अभियंते खडकात सिमेंट दाबून भरतात, झिरपा बाहेर काढण्यासाठी भोके पाडतात, भिंतीच्या पोटात बोगदे ठेवतात, आणि त्या बोगद्यांत झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप धरण उभे असेपर्यंत चालू राहते.

ह्या तपशिलात मी मुद्दामच थोडा रेंगाळलो. ज्या शास्त्राने पायाखालच्या अदृश्य थेंबाचीही नोंद ठेवली त्याच्या शेजारी बसून जमीन-संपादनाचे जे दप्तर लिहिले गेले, त्यात कितीतरी दृश्य गोष्टींची नोंद नव्हती. १८९४ चा भूसंपादन कायदा जमिनीवरील नोंदलेला हक्क ओळखत होता आणि त्याचा एकरकमी मोबदला देऊन मोकळा होत होता. गायरानावरची वहिवाट, जंगलातील लाकूडफाट्याचा आधार, बलुत्यासारखे परंपरागत संबंध, पिढ्यान्‌पिढ्यांचा बाजार यांना त्याच्या लेखी फारशी किंमत नव्हती. ब्रिटिशांचा हा कायदा स्वतंत्र भारताने जवळजवळ जसाच्या तसा वापरला, आणि तो जाऊन त्याच्या जागी नवा यायला २०१३ साल उजाडावे लागले.

धरणाची कल्पना जुनी. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर लुई डेन हे १९०८ साली सतलजच्या खोऱ्यातून प्रवास करीत असता त्यांच्या मनात ती आली, १९१९ मध्ये पहिला आराखडा झाला, आणि मग कित्येक वर्षे ती पैशाच्या आणि बिलासपूर संस्थानाच्या वाटाघाटींत दप्तरबंद राहिली. पंजाबचे मंत्री सर छोटूराम यांनी तिचा चिकाटीने पाठपुरावा केला. मराठी वाचकाला ह्या इतिहासात दोन ओळखीची माणसे भेटतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर-खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे त्या वेळी पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. नद्यांचा विचार प्रांतांच्या सरहद्दी ओलांडून, सबंध खोरे धरून व्हावा ह्या त्यांच्या धोरणातूनच १९४५ साली केंद्रीय जलमार्ग आयोग स्थापन झाला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झालेले अ. ना. खोसला हेच भाक्राच्या आराखड्यामागचे एक प्रमुख अभियंते होत. दुसरे काकासाहेब गाडगीळ. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती, आणि पुढे १९५८ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे भिंत आकाशाकडे चढत होती नेमक्या त्याच वर्षांत, ते पंजाबचे राज्यपाल होते. बांधकामावर देखरेख करण्यासाठी बोलावलेला हार्वे स्लोकम हा अमेरिकन गृहस्थ शाळेत फारसा शिकलेला नव्हता, पण अमेरिकेतील मोठमोठ्या धरणांवर त्याचा हात कसलेला होता. धरण पुरे झालेले पाहण्याचे मात्र त्याच्या नशिबी नव्हते, १९६१ मध्ये भारतातच त्याचा अंत झाला. पहिले काँक्रीट १७ नोव्हेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ओतले गेले आणि २२ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनीच हे धरण राष्ट्राला अर्पण केले.

भाक्रा बांधायलाच नको होते, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. फाळणीने कालव्यांनी भिजणारा सुपीक मुलूख पलीकडे गेला होता, लक्षावधी निर्वासित उघड्यावर होते, धान्य बाहेरून आणावे लागत होते, आणि अशा काळात सतलजचे पावसाळी पाणी अडवून हिवाळी पिकासाठी पुरविण्याची ही योजना एखाद्या राज्यकर्त्याने नाकारली असती तर त्याला इतिहासाने क्षमा केली नसती. पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थानातील जमीन तिने ओलिताखाली आणली, दिल्लीपर्यंत वीज दिली, आणि पुढे गव्हाच्या नव्या वाणांनी जी क्रांती झाली तिच्या पायाशी हे पाणी होते. विजेच्या पंख्याखाली बसून सरसकट सर्व धरणांना नावे ठेवण्याची एक फॅशन मध्यंतरी निघाली होती. तिच्यात प्रामाणिकपणा थोडा आणि विस्मरण फार होते. माझी तक्रार धरणाच्या जमेच्या बाजूविषयी नाही. ही जमा वर्षानुवर्षे, युनिटागणिक आणि क्युसेकागणिक मोजली जाते, आणि खर्चाची बाजू मात्र एकदाच, १९५० च्या दशकात, लिहून बंद करण्यात आली, ही माझी तक्रार आहे.

बिलासपूर, जुने नाव कहलूर, हे सतलजच्या काठचे एक लहानसे संस्थान. राजा आनंदचंद हा त्याचा शेवटचा अधिपती. धरणाचे महत्त्व ओळखून केंद्राने संस्थान आपल्या थेट ताब्यात ठेवले, आणि १ जुलै १९५४ रोजी ते हिमाचल प्रदेशात विलीन झाले, तेव्हा राजधानीच्या शहराचे भवितव्य ठरून गेले होते. नदीकाठी सांडूचे विस्तीर्ण मैदान होते. चैत्राच्या तोंडाला तेथे नलवाडीचा गुरांचा बाजार भरे आणि दूरदूरचे शेतकरी बैलजोड्या घेऊन येत. रंगनाथाचे दगडी शिखराचे मंदिर होते, राजवाडा होता, पेठ होती. गोविंदसागर भरला आणि हे सारे त्याखाली गेले. सुमारे १६८ चौरस किलोमीटरांच्या ह्या जलाशयाने ३७१ गावे कमीअधिक प्रमाणात गिळली आणि सुमारे छत्तीस हजार माणसांना उठविले, असे सामान्यतः मानले जाते. पावसाळ्याअखेर तुडुंब भरलेले सरोवर हिवाळ्यापासून ओसरू लागते आणि मंदिरांची शिखरे पाण्यावर येतात. काही वर्षे लोक होडीने तेथे दर्शनाला जात, आता गाळाने त्यांचा बराच भाग गाडला गेला आहे. वर डोंगराच्या उतारावर नवे बिलासपूर वसले आणि नलवाडीचा मेळा तेथे अजून भरतो, पण ते मैदान गेले ते गेलेच.

नंगल येथे १९५४ साली नेहरूंनी अशा प्रकल्पांना नव्या युगाची देवालये म्हटले आणि त्याच प्रकल्पात जुनी देवालये बुडाली, ह्या योगायोगावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. चारच वर्षांनी, १९५८ च्या नोव्हेंबरात, पाटबंधारे व वीज मंडळासमोर बोलताना ह्याच नेहरूंनी केवळ प्रचंडपणाच्या हौसेने प्रचंड कामे हाती घेण्याच्या प्रवृत्तीला रोग म्हटले होते, हे जास्त महत्त्वाचे. पण ते भाषण शालेय पुस्तकांत शिरले नाही.

मोबदल्याचे दोन मार्ग ठेवण्यात आले होते: रोख पैसे, किंवा त्या वेळच्या पंजाबातील, म्हणजे आजच्या हरियाणातील हिसारकडच्या भागात जमीन. दोन हजारांहून काही अधिक कुटुंबांनी जमीन पत्करली. उरलेल्या फार मोठ्या संख्येने रोकड घेतली. डोंगरउतारावर मका आणि भात पिकविणाऱ्या, झऱ्याचे पाणी पिणाऱ्या पहाडी शेतकऱ्याला हिसारच्या सपाट, तापलेल्या, जवळजवळ वाळवंटी मुलखात नेऊन सोडणे म्हणजे काय, याची कल्पना आमच्या कोकणी माणसाला सहज येईल. काही टिकले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या तेथल्या झाल्या, काहींनी मिळेल त्या भावाने जमिनी विकल्या आणि ते परत डोंगरात आले. ज्यांनी रोख पैसा घेतला त्यांपैकी अनेकांनी सरोवराच्या काठाशीच, उरलेल्या जंगलजमिनीच्या आधाराने, घरे उभारली, आणि येथून ह्या कथेचा सर्वांत खेदजनक भाग सुरू होतो: सरकारने ज्यांना उठविले त्यांचीच मुले आणि नातवंडे सरकारच्याच दप्तरात अतिक्रमण करणारे म्हणून नोंदली गेली. ही अतिक्रमणे नियमित करण्याची आश्वासने बिलासपूरच्या प्रत्येक निवडणुकीत दिली जातात. काहींनी सहकारी संस्था काढून गोविंदसागरात मासेमारी धरली. नांगर सोडून जाळे हाती घेणाऱ्या त्या माणसांनी आपले पोट आपणच भरले, आणि सरोवराच्या उत्पन्नातील एक वाटा, निदान माशांच्या रूपाने का होईना, बुडालेल्यांकडे वळला तो एवढाच.

आता वाटेकऱ्यांकडे पाहा. १९६६ च्या पंजाब पुनर्रचना कायद्याने ह्या धरणाचा कारभार एका मंडळाकडे दिला. आजचे भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळ ते हेच. अध्यक्ष आणि दोन पूर्णवेळ सदस्य केंद्राने नेमायचे आणि पंजाब, हरियाणा, राजस्थान व हिमाचल यांचा एकेक प्रतिनिधी घ्यायचा, अशी त्याची घडण आहे. त्यातही पूर्णवेळ सदस्य पंजाब आणि हरियाणाचेच असावेत ह्या रूढीवरून २०२२ मध्ये केवढा गहजब झाला! हिमाचलची, जेथे धरण उभे आहे आणि ज्याची जमीन बुडाली त्या राज्याची, विजेतील वाट्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालली आणि २७ सप्टेंबर २०११ रोजी न्यायालयाने तो वाटा ७.१९ टक्के ठरविला, तोही नोव्हेंबर १९६६ पासून. त्यानंतर थकबाकीची रक्कम किती आणि कोणी द्यायची हा तंटा पुन्हा रेंगाळतच राहिला. हिमाचलला न्याय मिळाला याचा मला आनंद आहे. परंतु हा न्याय राज्याच्या तिजोरीला मिळाला. सिमल्याच्या तिजोरीतून तो सरोवराच्या काठच्या त्या अतिक्रमणवाल्याच्या घरापर्यंत कसा जाणार, याची वाट कोणत्याही निकालात आखलेली नाही.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. सत्तर वर्षांनंतर विस्थापितांची कुटुंबे शोधायची कशी, वारस किती झाले असतील, हिस्से कसे पाडायचे, असे विचारले जाते. ज्या राज्यांना १९६६ पासूनच्या विजेचा हिशेब दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत करून परस्परांकडे मागता येतो, त्यांना संपादनाचे निवाडे, हिसारच्या वाटपाच्या याद्या आणि बिलासपूरचे महसुली उतारे चाळून कुटुंबांची यादी करता येत नाही, हे मला पटत नाही. कागद आहेत, ते उघडण्याची इच्छा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: असा कायमचा वाटा दिला तर वीज महाग होईल. होईल, थोडी होईल. पण आज ती स्वस्त दिसते ती तिच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच कोणी भरला म्हणून. शिवाय आपल्या धोरणाने हे तत्त्व अर्धेमुर्धे मान्य केलेच आहे. जलविद्युत प्रकल्पातील बारा टक्के वीज यजमान राज्याला विनामूल्य द्यावी, आणि २००८ च्या धोरणाप्रमाणे आणखी एक टक्का स्थानिक विकासासाठी ठेवावा, असे ठरले आहे. प्रकल्पबाधित कुटुंबाला दरमहा शंभर युनिट वीज द्यावी, असेही त्याच धोरणात म्हटले आहे, पण किती काळ, तर प्रकल्प सुरू झाल्यापासून दहा वर्षे. धरणाचे आयुष्य शतकाच्या मापाने मोजायचे, राज्यांचे वाटे कायमचे ठरवायचे, आणि ज्याचे घर गेले त्याची मुदत दहा वर्षांत संपवायची, ही वाटणी कोणत्या न्यायाने केली, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे.

आणि धरणाचे आयुष्यही अनंत नाही. सतलज तिबेटातून आणि स्पिती-किन्नौरच्या उघड्या डोंगरांतून गाळ घेऊन येते. वर नाथपा-झाकडीच्या टर्बाईनांची पाती त्यातल्या कठीण गारेच्या कणांनी झिजतात, ही तेथील अभियंत्यांची नेहमीची डोकेदुखी आहे. बांधले तेव्हा गोविंदसागराची क्षमता नऊ अब्ज घनमीटरांहून अधिक होती. तिचा चतुर्थांशाच्या आसपास भाग आतापर्यंत गाळाने व्यापला आहे. १९७७ पासून पंडोह येथून बियासचे पाणी बोगद्यांतून सतलजेत वळविले गेले, म्हणून वीजनिर्मितीला टेकू मिळाला. तरीही जलाशय उथळ होत चालला आहे, आणि बुडालेल्यांचा वाटा आणखी कधीतरी पाहू असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की, ज्यातून वाटा द्यायचा ते उत्पन्नही काही कायमचे चालणारे नाही.

हा सारा विचार आज करण्याचे कारण अरुणाचलात आहे. दिबांग नदीवर २७८ मीटर उंचीचे, म्हणजे भाक्राहून पन्नास मीटरांनी उंच, काँक्रीटचे गुरुत्व-धरण बांधण्याचे ठरले असून २०२४ च्या मार्चमध्ये त्याची पायाभरणी झाली. २,८८० मेगावॅट वीज त्यातून अपेक्षित आहे. सिक्कीममध्ये ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे हिमसरोवर फुटून आलेल्या लोंढ्याने तीस्तेवरचे चुंगथांगचे दगडी भरावाचे धरण वाहून नेले, तेव्हा त्याच्या जागी आता काँक्रीटचे गुरुत्व-धरण बांधावयाचे ठरले आहे. काँक्रीटची भिंत लोंढ्यापुढे अधिक टिकाव धरील, हे स्थापत्याच्या दृष्टीने खरे असू शकेल. पण दिबांगच्या खोऱ्यातील इदू मिश्मी लोकांची संख्या मुळातच काही हजार आहे. त्यांच्या जमिनी, शिकारीची राने आणि पूर्वजांची स्थळे ह्यांचा हिशेब बिलासपूरच्या रीतीने एकरकमी करून टाकला, तर सत्तर वर्षांनंतर त्यांच्या नातवंडांवर काय पाळी येईल हे जाणण्यासाठी भविष्यवेत्ता लागत नाही.

महाराष्ट्राला ह्या बाबतीत बोलण्याचा थोडा अधिकार आहे. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये जो सत्याग्रह केला तो मुंबईच्या विजेसाठी बुडणाऱ्या जमिनीसाठीच होता, आणि कोयनेचे विस्थापित आजही मोर्चे काढून आपली गाऱ्हाणी मांडतात, ही आपल्या पदरची लाज आहे. तरीही प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली करण्यात हे राज्य देशात पहिले होते, आणि तो धरणग्रस्तांच्या लढ्यांच्या रेट्याने झाला. लाभक्षेत्रातील जमीनधारकाने विस्थापितांसाठी आपल्या जमिनीचा काही अंश सोडावा, हे तत्त्व त्या कायद्यात होते. त्याची बजावणी अपुरी झाली, तरी लाभ घेणारा बुडणाऱ्याचे देणे लागतो हे त्यात उघडपणे लिहिले गेले. विजेलाही तेच तत्त्व लावायचे आहे.

तेव्हा मागणी एवढीच. भाक्राच्या विकलेल्या प्रत्येक युनिटामागे काही पैसे विस्थापित कुटुंबांच्या नावे स्वतंत्र निधीत जावेत, तो हक्क वारसाने चालत राहावा आणि धरण वीज देईल तोवर टिकावा. बिलासपूरच्या विस्थापितांची घरे एकदाची त्यांच्या नावावर करून द्यावीत. व्यवस्थापन मंडळात त्यांचा निदान एक प्रतिनिधी बसावा. चार राज्यांच्या भांडणात पाचव्याचा आवाज थोडा वाढला तर काही बिघडणार नाही. आणि नव्या जलविद्युत धोरणातून दहा वर्षांची ती मुदत काढून टाकावी. संसदेत पाटबंधारे आणि विजेवर चर्चा होते तेव्हा महाराष्ट्राचे सदस्य बहुधा आपल्या जिल्ह्यातील रखडलेल्या कामांविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु देशातील पहिला पुनर्वसन कायदा करणाऱ्या राज्याच्या ह्या प्रतिनिधींनी दिबांगची भिंत वर येण्याआधी भाक्राचा हा प्रश्न सभागृहात उपस्थित करावा, आणि आपण वाचकांनी त्यांना तसे करावयास भाग पाडावे.